गाडी कुठल्या टेबलावर?

स्टुटगार्टजवळच्या आमच्या मॉडेल क्लबचं प्रदर्शन दर वर्षी भरतं आणि रेसिंग कारची मांडणी माझ्याकडे असते. नोकरीनिमित्त पुण्याहून इकडे आलो, छंद मात्र पुण्यातलाच. विमानं, रणगाडे, जहाजं मांडणाऱ्यांचं काम सोपं असतं, देश आणि काळ बघितला की झालं. आमच्याकडे टूरिंगचं टेबल वेगळं, ग्रँड टूरिंगचं म्हणजे जीटीचं वेगळं आणि वाद ठरलेला. बहुतेक जण गाडीच्या तोंडावळ्यावरून ठरवतात. चार दारांची घरगुती दिसली की टूरिंग, दोन दारांची बसकी आणि रुबाबदार दिसली की जीटी.

बीएमडब्ल्यू ३.० सीएसएल आली की हा हिशोब कोलमडतो. लांब बॉनेट, दोनच दारं आणि मागे एवढा मोठा पंख, की लोक तिला ‘बॅटमोबाइल’ म्हणू लागले. तरी १९७३ साली युरोपियन टूरिंग कार चॅम्पियनशिप हिनेच जिंकली. आत चौघांची बैठक होती आणि ती शर्यतीच्या नियमांतल्या ग्रुप २ या गटात धावत होती. या गटाला हजार गाड्या बनवण्याची अट होती. तो पंख जर्मनीतल्या रस्त्यावर लावायला परवानगी नव्हती, म्हणून कंपनी तो डिकीत ठेवून गाडी गिऱ्हाइकाला द्यायची. आमच्या एका सभासदाने हिचं रस्त्यावरचं रूप केलंय. डिकी उघडी ठेवलीय आणि आत पंखाचे काळे तुकडे एकावर एक रचलेत. प्रदर्शनात लोक सगळ्यात जास्त वेळ त्या डिकीपाशी वाकलेले असतात.

दिसणं असं फसवतं, म्हणून मी गाडी हातात घेतली की आधी वर्ष विचारतो, मग शर्यत. नुसतं ‘ग्रुप ५’ सांगून भागत नाही. १९६६ ते १९६९ या काळात ग्रुप ५ म्हणजे खास टूरिंग गाड्या. १९७० आणि ७१ ला त्याच नावाखाली पोर्शे ९१७ सारख्या स्पोर्ट्‌स कार धावल्या. १९७६ पासून ग्रुप ५ म्हणजे उत्पादनातल्या गाडीचा बाह्याकार कायम ठेवून बाकी बरंच काही बदललेल्या गाड्या. पाटी तीच राहिली, आतलं बिऱ्हाड बदलत गेलं.

ग्रुपमुळे पडणारा फरक हाताला जाणवायचा तर पोर्शे ९३४ आणि ९३५ शेजारी ठेवाव्यात. दोन्ही ९११ टर्बोपासून झालेल्या, दोन्ही १९७६ च्या. ९३४ ग्रुप ४ ची, म्हणून मूळ गाडीच्या जवळची. चाकांवरचे रुंद पट्टे वरून बसवलेले आहेत आणि त्यांच्या बोल्टच्या डोक्यांची रांग स्वच्छ दिसते. मॉडेलवर ती पुसट झाली तर गाडी खोटी वाटते. मी रंग चढवण्याआधी प्रत्येक डोक्याभोवती सुईने हलकेच रेघ फिरवून घेतो. खऱ्या गाडीच्या दारात काचा वरखाली करणारी विजेची यंत्रणासुद्धा तशीच होती. किमान वजनाची अटच इतकी वरची होती, की ती यंत्रणा काढून काही फायदा नव्हता. ९३५ ग्रुप ५ ची. तिथे मडगार्डांना मोकळीक होती. पोर्शेचे अभियंते नॉर्बर्ट झिंगर यांनी तो नियम बारकाईने वाचला आणि हेडलाइट मडगार्डांवरून काढून खाली पुढच्या बंपरमध्ये नेले. छप्पर आणि दारं ९११ चीच राहिली, नाक मात्र चपटं झालं. तेव्हा ९३४ च्या किटला चपटं नाक लावून ९३५ होत नाही.

१९८२ पासून आकड्यांच्या जागी अक्षरं आली. टूरिंगवाल्यांना त्यातला ग्रुप ए सगळ्यात प्रिय, कारण मॉडेल करणाऱ्याला तो परवडतो. शरीर जवळजवळ दुकानातल्या गाडीचंच, आत डॅशबोर्डही तोच. रस्त्यावरच्या गाडीचं किट आणि रोल केज एवढ्यावर बरंच जमतं. निस्सान स्कायलाइन जीटी-आर नावात ‘जीटी’ मिरवते, पण १९९० ते १९९३ या काळात जपानी टूरिंग कार मालिकेत ती २९ शर्यती धावली आणि २९ जिंकली. तिची जागा टूरिंगच्या टेबलावर.

अल्फा रोमिओ १५५ चं दुखणं वेगळं. १९९३ ची डीटीएम या जर्मन मालिकेतली १५५ म्हणजे अडीच लिटरचं व्ही ६ इंजिन आणि चारही चाकांना ताकद. १९९४ ची ब्रिटिश मालिकेतली १५५ दोन लिटरची, चार सिलिंडरांची, पुढची चाकं ओढणारी. दोघींनी आपापली मालिका जिंकली. दोन्ही टूरिंगच, पण एकीचे सुटे भाग दुसरीला लावले की जाणकार लगेच ओळखतो.

अलीकडच्या जीटींमध्ये गटाची खूण बाहेरच असते. ल मॉंच्या शर्यतीत जीटीई प्रो गटाच्या क्रमांकाची पट्टी हिरवी होती, जीटीई ॲम गटाची नारिंगी. जपानच्या सुपर जीटी मालिकेत जीटी ५०० चे दिवे पांढरे, जीटी ३०० चे पिवळे. माझ्या पुण्यातल्या भाच्याला नरेन कार्तिकेयन यांची होंडा एनएसएक्स हवी होती. ते २०१९ साली जीटी ५०० मध्ये धावले, म्हणून दिवे पांढरे ठेव, असं मी त्याला फोनवर बजावलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जपानमधल्या फुजीच्या ट्रॅकवर डीटीएमच्या टूरिंग गाड्या आणि सुपर जीटीच्या जीटी ५०० गाड्या शर्यतींमध्ये एकत्र उतरल्या. त्यातली दुसरी शर्यत कार्तिकेयन यांनी जिंकली. दोन्हींचे नियम तोवर इतके जवळ आले होते, की नुसत्या बांध्यावरून टेबल ठरवणं अवघडच. अशा गाड्यांसाठी आमच्या क्लबमध्ये मी एकच रीत ठेवली आहे: गाडी ज्या मालिकेत वर्षभर धावली, त्या मालिकेचं टेबल तिचं. तेव्हा किट विकत घेतलं की खोक्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने वर्ष आणि शर्यत लिहून ठेवा, आणि रंगाची बाटली त्यानंतरच उघडा.