सैतानाचा रांजण

गतवर्षी सुपीरियर सरोवराच्या मिनेसोटाकडील तीराने आम्ही चिरंजीवांच्या घरवजा मोटारीतून प्रवास केला. एका दिवसात दोन धबधबे पाहिले. गूजबेरीस गर्दीच फार! परंतु ब्रूल नदीचा निम्मा प्रवाह ज्या रांजणखळग्यात गडप होतो, तो ‘डेव्हिल्स केटल’ पाहून निघोजचे रांजणखळगे आठवले. हे पाणी भूगर्भातून थेट सरोवरास मिळते, असे आम्ही अध्यापकी थाटात सौभाग्यवतींस सांगून टाकले. चिरंजीव हसले. २०१६ साली तेथे प्रवाहाचे मोजमाप झाले आहे: धबधब्याच्या वर सेकंदास १२३ घनफूट, खाली १२१, म्हणजे गडप झालेले पाणी नदीतच परत येते. आम्ही निरुत्तर झालो. परतीच्या पायऱ्या चढताना गुडघ्याने असहकार पुकारला. चिरंजीवांनी मुकाट्याने हात पुढे केला. अन्य वेळी आम्ही तो झिडकारला असता. त्या दिवशी धरला.