धसका

मराठीत माणूस धसका घेतो. आमच्या इंदूरकडच्या हिंदीत सदमा लागतो, म्हणजे तो बाहेरून येऊन आदळतो. दुःख एकच, पण एका भाषेने कर्तेपण माणसाकडे दिले, दुसरीने घटनेकडे. शासकीय शाळेत हिंदीत शिकवायचे आणि घरी आल्यावर मराठीत बोलायचे, असे आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे भेद उगाच दिसत राहतात. त्यांचा कुणाला काही उपयोग असेल अशी अपेक्षा मी कधी ठेवली नाही. पण आमच्या शाळेतून बारावी होऊन पुढे बी.एस्सी.ला गेलेली एक विद्यार्थिनी मध्यंतरी एक अर्ज तपासून घ्यायला घरी आली, आणि या शब्दांकडे मला पुन्हा वळावे लागले.

बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून गेली अनेक वर्षे महाविद्यालयीन मुलांना उन्हाळ्याच्या दोन महिन्यांसाठी संशोधनवृत्ती देत आल्या आहेत. निवड झाली की एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करावयाचे; जाण्यायेण्याचे भाडे आणि थोडे विद्यावेतन मिळते. आपल्या मराठी घरांतून या योजनेची माहिती फारच थोड्यांना असते. उन्हाळा म्हटला की एक तर आजोळ, नाही तर स्पर्धापरीक्षेचा क्लास. या मुलीला मात्र मेंदूच्या चित्रणाचे काम हवे होते, आणि तेही मानसिक आघाताच्या अभ्यासातले. कारण तिने अर्जात सरळ लिहिले होते : आजोबांच्या मेंदूत काय बिघडले आहे ते मला शोधायचे आहे.

तिच्या आजोबांना मी नाना म्हणतो. त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहे. १९८४ साली ते रेल्वेच्या नोकरीत भोपाळला होते. २ डिसेंबरची रात्र सरून ३ तारीख लागली तेव्हा कारखान्यातील मिथाइल आयसोसायनेट शहरावर पसरला. झोपेतून उठलेल्या पुष्कळांना प्रथम वाटले, शेजारी कुणीतरी मिरच्या जाळीत आहे. नानांनाही तसेच वाटले. कुटुंब वाचले, डोळे बरे व्हायला काही महिने लागले. त्यानंतर बदली होऊन ते इंदूरला आले. परंतु तेव्हापासून त्या घरात दिवेलागणीनंतर मिरचीची फोडणी पडत नाही, आणि नानांच्या उशाशी पाण्याचा तांब्या व एक ओला पंचा असतो. बारा वर्षांची होईपर्यंत नातीला हा आपल्या घरचा कुळाचारच वाटत होता.

१९८५ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेचे डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांचे सहकारी भोपाळच्या डॉक्टरांना मानसिक आघाताची ओळख करून देत होते. नाना कुणाकडे गेले नाहीत. पंचा भिजवून ठेवणे हा आजार आहे, असे कुणाला वाटणार?

अर्ज वाचून मी तिला इतकेच म्हटले, "बाई, 'बिघडले' हा शब्द तेवढा पुन्हा पाहा. बिघडले हे तू आधीच ठरवून चालली आहेस." तिने तो शब्द बदलला नाही. निवड झाली, आणि एप्रिलअखेर ती बंगळूरला गेली.

तेथून तिचे फोन येत. पहिले पंधरा दिवस तिला यंत्राजवळही उभे केले नाही. आत जाणाऱ्याच्या अंगावर धातू राहिला नाही ना, हे आधी शिकावे लागते. मंगळसूत्र, जोडवी, केसांतले आकडे, सगळे उतरवायचे. कारण ३ टेस्लाचे चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ६०,००० पट. मग चित्रे तपासणे. आत झोपलेल्याने मान जराशी हलवली तरी चित्र बिघडते, ते बाजूला काढावयाचे. वर्तमानपत्रांत मेंदूचे लाल-पिवळे भाग चमकताना दिसतात, ते रंग मागाहून भरलेले असतात. यंत्र मोजते ते रक्तातील प्राणवायूचे बदल. आणि रक्त विचाराच्या मागून पाच-सहा सेकंदांनी पोहोचते. तिच्या मार्गदर्शकांनी पहिल्याच आठवड्यात तिला एका मेलेल्या माशाची हकीकत सांगितली. २००९ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली, आणि हिशेबात आवश्यक ती दुरुस्ती न करता पाहिले तर त्या माशाच्या मेंदूतही हालचाल दिसली! मला ही गोष्ट इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रार्थनेनंतर मी ती मुलांना सांगितली. मुले हसली, गणिताचे शिक्षक जास्त हसले.

आता माझ्या धसक्याकडे येतो. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा स्मृतीशी निगडित भाग आहे. भीषण अनुभवातून गेलेल्या ज्यांना त्या आठवणी सोडीत नाहीत, त्यांच्यात हा भाग सरासरीने लहान आढळतो, हे १९९५ च्या सुमारास व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या चित्रांवरून दिसले. सर्वांनी मानले की युद्धाने तो आकसला. २००२ साली दुसऱ्या संशोधकांनी अशा सैनिकांचे एकसारखे जुळे भाऊ शोधले, जे युद्धावर गेलेच नव्हते. त्यांचाही हिप्पोकॅम्पस तितकाच लहान निघाला. म्हणजे लहानपण आधीचे. अशा माणसाने धसका घेतला. मी फोनवर म्हटले, "बघ, मराठी जिंकली."

"थांबा सर," ती म्हणाली. त्याच २००२ साली बंगळूरच्याच एन.सी.बी.एस. संस्थेत सुमंत्र चट्टर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना दहा दिवस रोज काही काळ जखडून ठेवले, तेव्हा हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या शाखा आखडल्या आणि भीतीशी संबंधित अमिग्डालातील शाखा वाढल्या. पुढे २१ दिवस उंदरांना स्वस्थ ठेवले. हिप्पोकॅम्पस सावरला, अमिग्डाला तसाच राहिला. उंदरांनी तर काही घेतले नव्हते, त्यांना लागलेच होते. मी गप्प बसलो. दोन्ही भाषांना अर्धे अर्धे श्रेय द्यावे लागेल असे दिसते.

जुलैत ती परतली तेव्हा तिच्या वडिलांनी नानांचे चित्रण करून घ्यायचे ठरवले होते. खर्चाची तजवीजही केली होती. ती नको म्हणाली. एका माणसाच्या चित्रावरून त्याने धसका घेतला आहे की नाही हे सांगता येत नाही. शेकडो चित्रांच्या सरासरीत जो फरक दिसतो तो एकट्या माणसात हरवून जातो. वडील रागावले. "मग दोन महिने तू तिथे केलेस काय?" हा प्रश्न रागाने विचारला असला तरी अयोग्य नव्हता. माझ्या मते ती जे शिकली ते पदवीच्या तीन वर्षांत कुणी शिकवीत नाही : हाती आलेले सुंदर चित्र टाकून कधी द्यावे, आणि घरच्या माणसांना हवे असलेले उत्तर नाकारावे कसे.

नाना हे सर्व ऐकत होते. ते म्हणाले, "मला हरकत नव्हती. पण त्या नळीत डोळे मिटून, न हलता पडायचे ना? ते काही जमायचे नाही."

मग त्यांनी नातीला विचारले, तिथे आत झोपलेल्या माणसांना ती काय विचारीत असे. विचारण्याचे काम माझे नव्हते, ती म्हणाली. पण ज्यांचे होते ते आधी सांगत की वाटेल तेव्हा थांबता येईल. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी क्वार्टरच्या दाराच्या कडीपासून सुरुवात केली. तीनदा थांबले. तिने एकदाही "मग?" म्हटले नाही. रात्री आजींनी दहीभात केला, फोडणीत मोहरी आणि हिंगच घातला.

आता ती एम.एस्सी.ला आहे. मेंदूचाच विषय घेतला आहे, पण काम उंदरांवर करते.