आजच्यापुरती भाकर

मराठी बायबलमधल्या प्रभूच्या प्रार्थनेत आपण देवाकडे भाकर मागतो, तीही फक्त आजची. लहानपणापासून घडाघडा म्हणत आलेय. हा 'आज' खटकायला लागला तो पप्पांचं डायलिसिस सुरू झाल्यावर.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. प्रत्येक वेळी चार तास. त्यात पगार लांबलेला, रिक्षावाला ऐन वेळी राइड कॅन्सल करणारा, बिल्डिंगची लिफ्ट बंद. मंडळीतलं कुणी 'देव काळजी घेतो' म्हणालं की चिडचिड व्हायची. घेतो, तर पुढच्या महिन्याचं आजच का सांगत नाही?

याचं उत्तर मिळालंय असं नाही. पण निर्गमाच्या 16व्या अध्यायात इस्राएल लोक रानात मान्ना गोळा करतात. ज्याला लागेल तेवढा, रोजच्या रोज. उद्यासाठी राखून ठेवला की त्यात किडे पडतात. दुप्पट मिळतो तो फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी. असं 40 वर्षं चाललं. रान काही टळलं नाही, पण त्या दिवसापुरतं खायला मिळत राहिलं.

परवा शेजारचे काका आणि वॉचमनदादांनी पप्पांना खुर्चीसकट तीन मजले खाली उतरवलं. थँक्यू म्हटलं, तर काका म्हणाले, "गुरुवारी पण हाक मार गं."

पुढच्या महिन्याची भीती आहेच. पण त्याची यादी मी आता देवापुढे वाचत नाही. मंगळवारी मंगळवारचं मागते. गुरुवारचं गुरुवारी.