बाळंतिणीची खोली

सांगली
१० डिसेंबर

प्रिय सुमे,

परवा फोनवर तुझा आवाज ऐकून बरं वाटलं. लेक पहिलटकरीण, तिला नववा लागलेला, आणि तुझी नुसती धावपळ चाललेली. मागची खोली रंगवून घेतलीस, खिडकीच्या फटी चिंध्यांनी बुजवल्यास, माळ्यावरची आईची शेगडी उतरवलीस, ट्रंकेतली दुपटी काढून ठेवलीस. फोनवर मी नुसतं 'हो, हो' म्हटलं. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. तोंडाने बोलवलं नाही, म्हणून लिहितेय.

आपल्याकडे बाळंतिणीच्या बाबतीत सगळ्यात मोठं भय वाऱ्याचं. 'वारं लागेल' म्हणून कानात कापूस, डोक्याला रुमाल, दारं-खिडक्या बंद. माझ्या बाळंतपणात आईनं हे सगळं निगुतीनं केलं. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. बाळाला न्हाऊ घातलं की निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, धूप टाकून त्या धुरावर त्याला धरायचं. ते शिंकलं की बायका म्हणायच्या, "सर्दी निघतेय." आणि दिवेलागणीला माझं डोकं ठणकायला लागायचं, मळमळायचं, उठलं की भोवळ यायची. "अशक्तपणा आहे, होतं असं," सगळे म्हणत.

तुला आठवतं का? एका संध्याकाळी तू कॉलेजातून आलीस ती थेट बाळाजवळ बसलीस, दार सताड उघडं टाकून. आई तुझ्यावर केवढी ओरडली! त्या दिवशी माझं डोकं दुखलं नाही.

त्याचा अर्थ मला फार वर्षांनी कळला. बंद खोलीत कोळशाला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो, मग प्राणवायूला जागाच उरत नाही. धूर विरला, निखारे लाल फुलले की आपण निर्धास्त होतो. हा वायू तेव्हाही निघतच असतो. डोकेदुखी, मळमळ, भोवळ ही त्याचीच खूण. आणि बाळाला तर बोलताही येत नाही. आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, तान्हं मूल चाळीस ते साठ. खोलीत जे असेल ते त्याच्या इवल्या छातीत उतरणारच.

आईचं शेवटचं दुखणं आठव. जन्मात कधी विडीला हात लावला नाही तिनं, तरी चार पायऱ्या चढली की धाप लागायची. डॉक्टरांनी विचारलं होतं, चुलीपुढे किती वर्षं बसल्या? तिनं बोटं मोजायला घेतली आणि मग मोजणं सोडून दिलं. तिची फुंकणी मला अजून दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२० साली घरातल्या स्वयंपाकाच्या धुरापायी जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली. हा आकडा मी वाचला तेव्हा मला आईच दिसली.

म्हणून सुमे, शेगडी आणि धुरी दोन्ही नकोत. बाळाला टोपडं, मोजे, मऊ दुपटं आणि आईच्या अंगाची ऊब पुरते. लेकीच्या कमरेला गरम पाण्याची पिशवी दे, तेलाचं मालिश कर, लाड कर. त्यात धूर कुठेच लागत नाही.

फटीतल्या चिंध्या आजच काढ. नव्या रंगाचा वास अजून येत असेल, तो जाईपर्यंत खिडक्या दिवसभर उघड्या ठेव आणि लेकीला त्या खोलीत झोपवू नकोस. डासांसाठी कॉइल लावू नकोस. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. खिडकीला जाळी बसवून घे, पाळण्यावर मच्छरदाणी सोड.

दुपट्यांना डांबरगोळ्यांचा वास असेल. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका एन्झाइमची कमतरता असते. अशा बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेनंही फुटतात आणि कावीळ चढते. कोणत्या बाळाला ती कमतरता आहे हे वरून दिसत नाही. तेव्हा ट्रंकेतलं तसंच अंगावर घालू नकोस. आईच्या लुगड्याची गोधडी मात्र टाकू नकोस. दोनदा धू, चार दिवस कडक उन्हात घाल, आणि वास पुरता गेल्याशिवाय बाळाजवळ नेऊ नकोस.

आणखी एक. न्हाणीघरातला गॅस गीझर दाराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घे. कोंडलेल्या न्हाणीत त्यातूनही तोच वायू साठतो, आणि बाळंतिणीच्या आंघोळीला वेळ लागतो.

आईनं जे केलं ते मायेपोटीच केलं, तूही तेच करते आहेस. तिला माहीत नव्हतं, आपल्याला आहे, एवढाच फरक. तिला कळलं असतं तर शेगडी तिनं स्वतःच उचलून बाहेर नेली असती.

मी पंधरा तारखेला येतेय. मच्छरदाणी मीच आणते. त्या संध्याकाळी तू दार उघडं टाकलंस म्हणून बोलणी खाल्लीस. या खेपेला तेच दार तू मुद्दाम उघडं ठेव, कुणी काही म्हटलं तर माझं नाव सांग.

लेकीला गोड पापा.

तुझी,
ताई