३-१२ की ३ डिसेंबर?

सेकंड इयरला मेस सेक्रेटरी झालो आणि वहीतला हिशेब एक्सेलमध्ये आणायची हुक्की आली. रूम नंबर टाईप केला ३-१२, एंटर मारलं, तर झाली ३ डिसेंबर! सेलचा फॉरमॅट 'टेक्स्ट' केला, तर भलताच पाच आकडी नंबर. एक्सेल तारीख दिवस मोजून आकड्यात ठेवतं, हे तेव्हा कुणाला माहीत? म्हटलं, राहू दे तारीखच.

खाड्यांची यादी दुसऱ्या फाईलमध्ये. रूम नंबर जुळेनात. आणि एरर दिसू नये म्हणून मीच हुशारी करून तिथे शून्य यायची सोय केलेली. सात जणांचे खाडे गायब! एक ज्युनिअर घाबरत आला, "दादा, मी दिवाळीत नऊ दिवस घरी होतो." मी त्यालाच झापलं, "कॉम्प्युटर चुकतो का रे?" त्याने गुपचूप पूर्ण बिल भरलं.

आठवड्याने चूक सापडली. पैसे परत केले, पण त्याच्या रूमवर जाऊन सॉरी म्हणताना जाम लाज वाटली.

मग कोऱ्या फाईलमध्ये रूमचा कॉलम आधीच टेक्स्ट केला आणि ती 'बुक' नावाने (इंग्रजीतच हं!) एक्सेल टेम्प्लेट म्हणून एक्सएलस्टार्ट फोल्डरमध्ये ठेवली. आता कंट्रोल-एन दाबलं की तीच उघडते. सुरुवातीच्या स्क्रीनवरचं 'ब्लँक वर्कबुक' मात्र टाळा, त्यात आपली सेटिंग येत नाही. जुन्या फायलीही आपोआप सुधारत नाहीत. त्या मी रात्रभर बसून हाताने केल्या.

यंदा सेक्रेटरी तोच ज्युनिअर आहे. टेम्प्लेट वापरतो, पण वहीही ठेवतो.