नाकाच्या भरवशावर

आमच्या मलमाच्या डबीवर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, ‘दुष्परिणामरहित’. हा शब्द कुठल्या चाचणीतून आलेला नव्हता. डबीचा कोपरा रिकामा दिसतो असं छापखानेवाला म्हणाला, म्हणून मी तो घातला.

१ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. नवा जिल्हा म्हणून बँकेतही उत्साह होता. त्याच भरात मी कर्ज काढून कारंजा रस्त्याला पत्र्याची शेड उभी केली. आयुर्वेदिक औषधाचा परवाना मिळाला आणि तिखाडीच्या तेलाचं सांधेदुखीचं मलम सुरू झालं. तिखाडी म्हणजेच रोशा गवत. आमच्याकडची म्हातारी माणसं हे तेल गुडघ्याला चोळतच होती, त्यामुळे ते कशावर लावायचं हे गिऱ्हाइकाला समजावून सांगावं लागत नसे.

या तेलाचा इतिहास मी मोठ्या अभिमानानं सांगायचो. इंग्रजांच्या काळात ते मुंबईहून तुर्कस्तानाकडे जाई आणि तिकडे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जाई. ज्या तेलाची ख्यातीच दुसऱ्याच्या वासात बेमालूम मिसळण्याची, तेच तेल मी नुसतं हुंगून विकत घेत होतो, हे मात्र तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

तिखाडीत दोन जाती असतात, मोतिया आणि सोफिया. गवत उभं असताना दोन्ही जवळपास सारखीच दिसतात. मोतिया मोकळ्या, कोरड्या उतारावर येते. तिच्या तेलात तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक जिरॅनिऑल असतं. सोफिया ओलाव्याच्या, सखल जागी वाढते. तिच्यात जिरॅनिऑल बरंच कमी आणि लिमोनिनसारखी द्रव्यं जास्त. भट्टीवाला दोन्ही एकाच देगेत टाकतो आणि त्याच्या दृष्टीनं त्यात वावगं काही नसतं, त्याला तेलाचे पैसे वजनावर मिळतात. मोतियाचं चांगलं तेल दोन-तीन पट ७० टक्के अल्कोहोलात टाकलं की विरघळून नितळ होतं. एवढी साधी परीक्षा मला पदविकेच्या वर्गात शिकवली होती. परीक्षानळीही शेडमध्ये होती. तिच्यात आम्ही उदबत्ती खोचायचो.

खरा घोळ मात्र शेगडीवर झाला. मेण आणि पॅराफिन वितळवून त्यात तेल ओतायचं, हे आमचं काम. मेण-पॅराफिनचा हा आधार उकळता नसला तरी चांगला सत्तर-पंचाहत्तर अंशांवर असायचा आणि मी त्यात तेल सोडायचो. सगळी शेड घमघमायची. येणारा-जाणारा वासाची तारीफ करायचा आणि मी सुखावायचो. तो सुवास म्हणजे माझंच भांडवल पत्र्याच्या फटीतून बाहेर चाललं होतं. थंड झालेल्या मलमाला वास कमी येई, म्हणून पुढच्या घाण्यात मी तेल वाढवलं. मग आणखी वाढवलं. तीन टक्क्यांवरून सातावर गेलो, आणि प्रत्येक वेळी निर्णय नाकानं घेतला.

पुढे एक जाणता कारागीर कामाला लागला. त्यानं न विचारता योग्य तेच केलं. आधार चाळीस-पंचेचाळीस अंशांवर येऊ दिला, मग तेल घातलं आणि वर झाकण ठेवलं. तेल उडालंच नाही. सातच्या सात टक्के डबीत उतरलं. मी हुंगलं आणि खूश झालो. एवढा चांगला माल आपण कधीच काढला नव्हता, असं त्याला म्हणाल्याचं मला स्वच्छ आठवतं.

मे महिन्यात एक बाई शेडवर आल्या. शेतमजुरी करणाऱ्या, माझ्या आईच्या वयाच्या. लुगडं गुडघ्याच्या वर धरून उभ्या राहिल्या. गुडघ्याभोवती लाल चट्टा आणि त्यात पाण्याचे फोड.

“भाऊ, रातभर आग झाली ना बाप्पा. म्या म्हटलं, औषध लागू पडून राह्यलं, म्हून अजून लावलं.”

मी त्यांना दवाखान्यात नेलं, पैसे दिले. त्यांनी तक्रार केली नाही. ‘दुष्परिणामरहित’ हा शब्द त्यांना वाचता येत नव्हता, म्हणून मी वाचलो असेन. नंतर दुकानदारांकडूनही डब्या परत येऊ लागल्या.

कारण शोधायला बसलो तेव्हा कारणं जरुरीपेक्षा जास्त निघाली. तेलाचं वाढवलेलं प्रमाण हे एक. दुसरं, अर्धी भरलेली प्लॅस्टिकची कॅन महिनोन्‌महिने तापलेल्या पत्र्याखाली पडून होती. लिमोनिन हवेत जुनं झालं की त्याची हायड्रोपेरॉक्साइडं तयार होतात आणि ती त्वचेला बाधतात. जिरॅनिऑलही निरुपद्रवी नाही. वासाची अ‍ॅलर्जी तपासायला त्वचारोगतज्ज्ञ जे ठरीव मिश्रण पाठीवर लावतात, त्यात ते असतं. त्या घाण्यात कुठल्या भट्टीचं तेल होतं, मोतिया होतं की सोफिया, कॅन कधी उघडली होती, हे मला सांगता येईना. कारण नोंदच नव्हती. राखीव नमुना ठेवला नव्हता. घाण्याचा क्रमांक डबीवर होता, पण सगळ्या डब्यांवर एकच. ठसा बदलायला खर्च येतो म्हणून.

त्यामुळे नेमकं काय चुकलं हे मला आजही ठाऊक नाही. परत आलेल्या मालाचा, कर्जाचा हिशोब निघाला, याचा निघाला नाही. आयुर्वेदिक औषधांसाठी उत्पादन पद्धतीचं ‘शेड्यूल टी’ २००० साली आलं. त्यात नोंदी, साठवण, तपासणी हे सगळं होतं. आम्ही धंदेवाल्यांनी त्याला भरपूर नावं ठेवली. मीही बैठकीत तावातावानं बोललो, आणि तेव्हा परत आलेल्या डब्या माझ्याच शेडच्या कोपऱ्यात रचलेल्या होत्या.

मलम बंद केलं. बायकोच्या नावचं शेत विकून कर्ज फेडलं आणि मी पुन्हा नोकरी धरली, या खेपेस गुणवत्ता तपासणीच्या विभागात. तिथल्या साहेबांनी मुलाखतीत अनुभव विचारला, तेव्हा हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, एवढं पुरे.

अजूनही कोणी तरुण तिखाडीच्या तेलाची बाटली घेऊन येतो आणि झाकण उघडून पुढे करतो. मी त्याला भट्टी कुठली, गवत कुठल्या उतारावरचं आणि तेल कधी काढलं एवढंच विचारतो. बहुतेकांना तारीख सांगता येत नाही.