कर्नल पडला, त्याची गोष्ट

“आई, नंतर बोलतो, कर्नल पुन्हा पडलाय,” असं मी फोनवर म्हटलं आणि पलीकडून काळजीचा आवाज आला, “अरे देवा! फार लागलं का त्यांना?” आईच्या डोळ्यांसमोर एनसीसीचे मिशीवाले कर्नल होते. माझ्या डोळ्यांसमोर काळी स्क्रीन आणि तिच्यावर गोठलेल्या वीस-पंचवीस ओळी. प्रोजेक्टच्या रिव्ह्यूला आठ दिवस उरले होते.

आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणजे लिनक्ससाठी तापमानाच्या सेन्सरचा ड्रायव्हर. वाटणी सरळ होती. दर सेकंदाला टायमर लावून रीडिंग घ्यायचं आणि मेमरीत ठेवायचं, हे माझ्याकडे. ते युजरपर्यंत पोचवायचं, हे पार्टनरकडे. वेगवेगळं दोन्ही झकास चालायचं. एकत्र केलं की कधी दहा मिनिटांनी, कधी दोन तासांनी मशीन आडवं! आणि कॉल ट्रेसमध्ये दर वेळी नाव पार्टनरच्याच फंक्शनचं. ते केमॅलॉकने मेमरी मागायला जायचं आणि तिथेच कर्नल जीव सोडायचा.

त्यातून माझ्या व्हर्च्युअल मशीनवर काहीच पडायचं नाही. पडायचं ते त्याच्या लॅपटॉपवर. अजून काय पुरावा हवा? “माझ्याकडे चालतंय. तू तुझा कोड बघ,” मी म्हणालो. त्याने बघितला, दोनदा-तीनदा बघितला. काही सापडेना. चौथ्या दिवशी मेसमध्ये सगळ्यांसमोर मी बोलून गेलो, “सी जमत नसेल तर तसं सांग ना.” तो अर्धं ताट ठेवून उठला. त्यानंतर दोन दिवस एकाच रूममध्ये आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही.

शेवटी ट्रेसचा फोटो घेऊन मी एकटाच सरांकडे गेलो. सरांनी बघितलं आणि म्हणाले, “प्रेत जिथे सापडलं तिथेच खून झाला, असं कोणी सांगितलं तुला? आणि तुझ्या व्हर्च्युअल मशीनला कोअर किती दिलेत?”

एक.

मग त्यांनी जे सांगितलं ते हॉस्टेलच्या भाषेत असं. कर्नलमध्ये मेमरी वाटणारा म्हणजे आपला रेक्टर. एकाच मापाच्या खोल्या आधीच पाडून ठेवायच्या आणि मागेल त्याला द्यायच्या, ही स्लॅबची कल्पना जेफ बॉनविक यांनी १९९४ साली सनच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी मांडली. लिनक्समधल्या आजच्या स्लब या अवतारात गंमत अशी की, रिकाम्या खोल्यांच्या यादीसाठी वेगळी वही नाही. प्रत्येक रिकाम्या खोलीतच एक चिठ्ठी असते, ‘पुढची रिकामी खोली अमुक नंबर’. आता एखाद्याने खोली सोडली, पण दुसरी किल्ली खिशातच ठेवली आणि रात्री येऊन त्या चिठ्ठीवरच आपला हिशेब खरडला, तर? रेक्टर तो आकडा वाचून नसलेल्या खोलीच्या शोधात निघणार आणि जिन्यावरून कोसळणार. त्या वेळी काउंटरवर खोली मागत उभा असेल तो बिचारा नवा मुलगा. नाव मात्र त्याचं!

त्या रात्री केसॅन चालू करून कर्नल नव्याने कंपाइल केला. लिनक्समध्ये २०१५ साली आलेलं हे हत्यार दर ८ बाइटमागे १ बाइटची नोंद ठेवतं आणि प्रत्येक वेळी मेमरीला हात लावण्याआधी ती तपासतं. परत आलेली खोली लगेच दुसऱ्याला न देता काही काळ अडवूनही ठेवतं. व्हर्च्युअल मशीनला चार कोअर दिले, पार्टनरचा टेस्ट प्रोग्राम लावला. तो डिव्हाइस सारखं उघडायचा आणि मिटायचा. तीन मिनिटांत रिपोर्ट हजर. ही मेमरी कोणी घेतली, कोणी सोडली, सोडल्यावर कोणी लिहिलं? तिन्ही ठिकाणी माझीच फंक्शन्स.

चूक एका शब्दाची होती. डिव्हाइस मिटताना मी टायमर रद्द करून मेमरी सोडत होतो. पण रद्द करणारी फंक्शन्स दोन. एक टायमरला नुसतं रांगेतून काढतं. दुसरं, ज्याच्या नावाशेवटी ‘सिंक’ आहे, ते दुसऱ्या कोअरवर त्या टायमरचं काम चालू असेल तर संपेपर्यंत थांबतं. मी न थांबणारं वापरलं होतं. मेमरी सुटली तरी दुसऱ्या कोअरवर माझा टायमर रीडिंग लिहीतच होता. माझ्याकडे कोअर एकच, म्हणून ही गाठ कधी पडलीच नाही.

दुरुस्ती पाच सेकंदांची. पार्टनरला उठवायला मात्र मला पाऊण तास लागला; तो जागाच होता, धीर मला होत नव्हता. शेवटी लॅपटॉप त्याच्यासमोर धरून म्हणालो, “माझी चूक होती. आणि मेसमध्ये बोललो तीही.”

त्याने रिपोर्ट खालपासून वरपर्यंत सावकाश वाचला, तिन्ही ठिकाणचं माझं नाव बोटाने मोजलं आणि म्हणाला, “काय की बुवा, माझ्याकडे तर चालतंय.”

मग आम्ही स्टँडवर चहा प्यायला गेलो. पैसे अर्थातच मी दिले.